घशाच्या कर्करोगातील प्रथिन-चिन्हके

घशाच्या कर्करोगातील प्रथिन-चिन्हके म्हणजे घसा व स्वरयंत्र यांच्या कर्करोगपेशींत नेहमीपेक्षा अधिक, कमी किंवा अस्थानी आढळणारी प्रथिने होत. त्यांच्या आधारे रोगाचे कारण, त्याची संभाव्य वाटचाल आणि उपचाराला मिळणारा प्रतिसाद यांविषयी अनुमान करता येते. पी१६, पी५३, ईजीएफआर, पीडी-एल१, की-६७ आणि केराटिने ही या संदर्भात अधिक अभ्यासली गेलेली प्रथिने आहेत. त्यांपैकी पी१६ व पीडी-एल१ यांची तपासणी ठरावीक रुग्णांत नित्याची झाली आहे. इतर बहुतेक प्रथिने अद्याप ‘संभाव्य चिन्हके’ याच सदरात मोडतात.

पी१६ या चिन्हकाचे महत्त्व प्रथम युरोप व अमेरिकेतील रुग्णांच्या अभ्यासातून सिद्ध झाले. तेथे घशाच्या मधल्या भागातील कर्करोगाचे एक मोठे कारण मानवी पॅपिलोमा विषाणू हे आहे. महाराष्ट्रासह भारतात मात्र तंबाखू हेच प्रमुख कारण राहिले आहे. त्यामुळे अन्यत्र सिद्ध झालेले चिन्हक येथे तितकेच विश्वासार्ह ठरेल असे गृहीत धरता येत नाही. ते स्थानिक रुग्णांत पुन्हा पारखून घ्यावे लागते.

संज्ञा व व्याप्ती

व्यवहारात ‘घसा’ हा शब्द सैलपणे वापरला जातो. वैद्यकशास्त्रात त्याचे दोन भाग मानतात : ग्रसनी आणि स्वरयंत्र. ग्रसनीचे पुन्हा तीन भाग पडतात. नाकामागील भाग म्हणजे नासाग्रसनी. टॉन्सिल, जिभेचे मूळ व मृदू तालू यांचा समावेश असलेला मधला भाग म्हणजे मुखग्रसनी. स्वरयंत्राच्या मागे व बाजूंस असलेला, अन्ननलिकेला जोडणारा खालचा भाग म्हणजे अधोग्रसनी. हे भाग एकमेकांस लागून असले, तरी त्यांतील कर्करोगांची कारणे व वर्तन भिन्न असते. त्यामुळे एका भागात उपयुक्त ठरलेले चिन्हक दुसऱ्या भागात निरुपयोगी ठरू शकते.

२०२० सालच्या जागतिक अंदाजानुसार त्या वर्षी स्वरयंत्राच्या कर्करोगाचे सुमारे १ लाख ८५ हजार, मुखग्रसनीच्या कर्करोगाचे सुमारे ९८ हजार आणि अधोग्रसनीच्या कर्करोगाचे सुमारे ८४ हजार नवे रुग्ण आढळले. या भागांतील बहुसंख्य कर्करोग आतील अस्तराच्या चपट्या पेशींपासून उद्भवतात. त्यांना पट्टकी पेशी कर्करोग म्हणतात.

पेशीतील जनुकांत प्रथिने बनविण्याच्या सूचना साठविलेल्या असतात. शरीरातील जवळजवळ सर्व पेशींत जनुके तीच असली, तरी प्रत्येक पेशी त्यांतील काहींचाच वापर करते. जनुकातील सूचनेनुसार पेशीत प्रत्यक्ष प्रथिन तयार होणे यास प्रथिनाची अभिव्यक्ती म्हणतात. कर्करोगात ही अभिव्यक्ती बिघडते. काही प्रथिने अतोनात वाढतात, काही नाहीशी होतात, तर काही जेथे असू नयेत तेथे दिसू लागतात.

चिन्हकांचे उपयोगानुसार तीन प्रकार मानले जातात. रोग आहे की नाही अथवा तो कोणत्या प्रकारचा आहे हे सांगणारे ते निदानसूचक चिन्हक. कोणताही उपचार केला तरी रोगाची वाटचाल साधारणतः कशी होईल हे सांगणारे ते फलसूचक चिन्हक. विशिष्ट उपचार विशिष्ट रुग्णास लागू पडेल काय हे सांगणारे ते प्रतिसादसूचक चिन्हक. यांतील दुसऱ्या व तिसऱ्या प्रकारांत गल्लत झाल्यास उपचाराची दिशाच चुकू शकते. त्याचे उदाहरण पी१६ च्या विवेचनात पुढे आले आहे.

पेशींतील बदलांची कारणे

घशाच्या कर्करोगाकडे नेणाऱ्या वाटा मुख्यतः दोन आहेत. पहिली तंबाखू व मद्य यांची. तंबाखूच्या धुरातील व रसातील कर्ककारक द्रव्ये पेशीतील डीएनएला इजा पोहोचवतात. वर्षानुवर्षे साचत गेलेल्या अशा इजांमुळे पी५३ सारख्या पहारेकरी प्रथिनांची जनुके बिघडतात. मद्य स्वतंत्रपणे कर्ककारक आहेच, शिवाय तंबाखूबरोबर घेतल्यास धोका अनेक पटींनी वाढतो. विडी व सिगारेट यांच्या धुराचा आघात घसा व स्वरयंत्रावर विशेष होतो, तर चघळण्याच्या तंबाखूचा आघात प्रामुख्याने तोंडाच्या अस्तरावर होतो.

दुसरी वाट मानवी पॅपिलोमा विषाणूची, विशेषतः त्याच्या १६ व्या प्रकाराची होय. या विषाणूंचा गर्भाशयमुखाच्या कर्करोगाशी असलेला संबंध शोधल्याबद्दल हाराल्ड त्सूर हाउझेन यांना २००८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. हाच विषाणू टॉन्सिल व जिभेच्या मुळाशी असलेल्या पेशींत शिरून तेथेही कर्करोग घडवू शकतो. त्याची ई६ व ई७ ही दोन प्रथिने निर्णायक असतात. ई६ हे पेशीतील पी५३ नष्ट करविते, तर ई७ हे पेशीविभाजनाला आवर घालणाऱ्या आरबी या प्रथिनाला निकामी करते.

नासाग्रसनीच्या कर्करोगाचा संबंध एपस्टाइन-बार या निराळ्या विषाणूशी आहे. म्हणून त्याच्या चिन्हकांचा विचार स्वतंत्रपणे केला जातो.

तपासणीची पद्धत

ऊतीतील प्रथिन ओळखण्याची सर्वांत प्रचलित पद्धत म्हणजे इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री अर्थात प्रतिरक्षा-ऊतिरसायन. प्रतिपिंड आपल्या ठरावीक प्रथिनालाच चिकटतो, या गुणधर्मावर ती आधारलेली आहे. प्रतिपिंडाला चकाकणारे रंगद्रव्य जोडून ऊतीतील पदार्थ शोधण्याची कल्पना अल्बर्ट कून्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४१ मध्ये मांडली. पुढे १९७५ मध्ये गेऑर्ग कोलर व सेसार मिलस्टाइन यांनी एकाच प्रकारचे शुद्ध प्रतिपिंड हवे तेवढे तयार करण्याची रीत शोधली. त्यामुळे ही तपासणी जगभर सारख्या पद्धतीने करणे शक्य झाले. या दोघांना १९८४ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

प्रत्यक्ष तपासणीत बायोप्सीने काढलेला ऊतीचा तुकडा फॉर्मॅलिनमध्ये टिकवून मेणाच्या ठोकळ्यात बसवितात. व्यवहारात या ठोकळ्याला ‘ब्लॉक’ म्हणतात. त्याचे केसाहूनही पातळ काप काचपट्टीवर घेतात. कापावर प्रतिपिंड सोडून, तो जेथे चिकटला असेल तेथे रासायनिक क्रियेने तपकिरी रंग आणतात. पेशींची केंद्रके निळ्या रंगाने उठावदार करतात. विकृतिशास्त्रज्ञ सूक्ष्मदर्शकाखाली तीन गोष्टी पाहतो : किती टक्के पेशी रंगल्या, रंग किती गडद आहे आणि तो पेशीच्या कोणत्या भागात आहे.

तपासणीची विश्वासार्हता प्रयोगशाळेच्या कितीतरी आधी, शस्त्रक्रियागृहातच ठरू लागते. तुकडा पुरेशा फॉर्मॅलिनमध्ये वेळेवर न ठेवल्यास, किंवा नुसत्या मिठाच्या पाण्यात ठेवून दूरच्या गावी पाठविल्यास, पेशी आपोआप विघटित होऊ लागतात. मग असलेले प्रथिनही दिसत नाही. म्हणून प्रत्येक तपासणीसोबत ज्यात ते प्रथिन निश्चितपणे असते अशा ऊतीचा नमुनाही तुलनेसाठी रंगवितात. लहान गावांतून शहरातील प्रयोगशाळेकडे येणाऱ्या नमुन्यांबाबत ही दक्षता विशेष महत्त्वाची ठरते.

प्रमुख प्रथिने

पी१६

पी१६ हे पेशीविभाजनाला लगाम घालणारे प्रथिन असून त्याचा शोध १९९३ मध्ये लागला. विषाणूच्या ई७ प्रथिनाने आरबी निकामी केले, की त्याची प्रतिक्रिया म्हणून पेशी पी१६ मोठ्या प्रमाणावर तयार करू लागते. आरबीच नसल्याने हा लगाम लागू पडत नाही, मात्र पी१६ साचत जाते. अशा रीतीने पी१६ ची वाढलेली अभिव्यक्ती ही विषाणूच्या कारवाईची अप्रत्यक्ष खूण ठरते. ती प्रत्यक्ष विषाणूची तपासणी नव्हे, ही गोष्ट लक्षात ठेवणे आवश्यक आहे.

मुखग्रसनीच्या अर्बुदात किमान ७० टक्के कर्करोगपेशींची केंद्रके व पेशीद्रव ही दोन्ही मध्यम ते गडद रंगल्यास अर्बुद पी१६-सकारात्मक मानावे, असा निकष अमेरिकन विकृतिशास्त्रज्ञांच्या महाविद्यालयाने २०१८ मध्ये दिला. स्वरयंत्र व अधोग्रसनी यांच्या कर्करोगांत ही तपासणी नित्यनेमाने करू नये, असेही त्यात सुचविले आहे.

२०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात मुखग्रसनीच्या विषाणुजन्य कर्करोगाच्या रुग्णांपैकी ८२.४ टक्के, तर विषाणू नसलेल्या रुग्णांपैकी ५७.१ टक्के रुग्ण तीन वर्षांनंतर हयात होते. हा फरक इतका मोठा होता, की कर्करोगाच्या अवस्था ठरविणाऱ्या आंतरराष्ट्रीय पद्धतीच्या आठव्या आवृत्तीत मुखग्रसनीच्या पी१६-सकारात्मक कर्करोगाला स्वतंत्र कोष्टक देण्यात आले. मानेतील गाठींमुळे पूर्वी चौथ्या अवस्थेत गणला जाणारा रोग आता काही वेळा पहिल्या अवस्थेत गणला जातो.

यातून एक तर्क पुढे आला. हे रुग्ण मुळातच चांगला प्रतिसाद देत असतील, तर किरणोपचारासोबत सिस्प्लॅटिन या तीव्र औषधाऐवजी सौम्य समजले जाणारे सेटुक्सिमॅब देता येईल काय? २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन मोठ्या चाचण्यांनी याचे उत्तर नकारार्थी दिले. त्यांपैकी अमेरिकेतील चाचणीत पाच वर्षांनंतर सिस्प्लॅटिन गटातील ८४.६ टक्के, तर सेटुक्सिमॅब गटातील ७७.९ टक्के रुग्ण हयात राहतील असा अंदाज निघाला. पी१६ हे उत्तम फलसूचक चिन्हक आहे, परंतु केवळ त्याच्या बळावर उपचार सौम्य करणे रुग्णाच्या जिवावर बेतू शकते, हे या चाचण्यांनी स्पष्ट केले.

पी५३

१९७९ मध्ये आढळलेले पी५३ हे प्रथिन डीएनएला इजा झाल्यास पेशीचे विभाजन थांबविते आणि दुरुस्ती अशक्य असल्यास पेशीला मृत्यूकडे नेते. निरोगी पेशीत ते तयार होताच मोडून टाकले जाते, म्हणून फारसे रंगत नाही. जनुक बिघडल्यास तयार होणारे सदोष पी५३ मात्र मोडले जात नाही व पेशीत साचते. त्यामुळे काचपट्टीवर गडद दिसणारा रंग येथे सामर्थ्याची नव्हे, तर बिघाडाची खूण असतो. काही बिघाडांत प्रथिन मुळीच तयार होत नाही आणि रंग पूर्णतः नाहीसा होतो. म्हणजे रंगाचा अतिरेक आणि त्याचा संपूर्ण अभाव, दोन्ही संशयास्पद ठरतात.

स्वरयंत्राच्या कर्करोगात पी५३ कडून मोठी अपेक्षा होती. वाढलेल्या रोगात पूर्वी संपूर्ण स्वरयंत्र काढून टाकणे हाच प्रमुख उपाय होता. रुग्ण वाचला, तरी त्याचा नैसर्गिक आवाज कायमचा जात असे. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, अमेरिकेतील माजी सैनिकांच्या रुग्णालयांतील चाचणीने दाखविले, की आधी रसायनोपचार व नंतर किरणोपचार दिल्यास, आयुर्मानात घट न होता, सुमारे ६४ टक्के रुग्णांचे स्वरयंत्र वाचविता येते. उरलेल्यांच्या बाबतीत स्वरयंत्र टिकत नव्हते. कोणाचा आवाज औषधांनी वाचेल आणि कोणावर प्रारंभीच शस्त्रक्रिया करणे हिताचे, हे आधी सांगणारे चिन्हक मिळाले असते, तर अनेकांचे निष्फळ उपचार टळले असते. याच चाचणीतील नमुन्यांच्या १९९५ मधील अभ्यासात पी५३ ची अभिव्यक्ती वाढलेल्या रुग्णांत स्वरयंत्र टिकण्याचे प्रमाण अधिक दिसले. तथापि हा निष्कर्ष नित्य व्यवहारात येण्याइतका भक्कम ठरला नाही. आजही हा निर्णय अर्बुदाचा आकार, कूर्चेतील शिरकाव, गिळण्याची क्षमता व रुग्णाची प्रकृती पाहूनच घेतला जातो.

ईजीएफआर

पेशीच्या पृष्ठभागावरील हे प्रथिन वाढीचा संदेश आत पोहोचविते. डोके व मानेच्या पट्टकी पेशी कर्करोगांपैकी फार मोठ्या हिश्शात त्याची अभिव्यक्ती वाढलेली असते. त्याला रोखणारी सेटुक्सिमॅब व निमोटुझुमॅब ही प्रतिपिंड-औषधे उपलब्ध आहेत. परंतु ज्याच्या अर्बुदात ईजीएफआर अधिक, त्याला औषध अधिक लागू, असा सरळ संबंध आढळलेला नाही. औषधाचे लक्ष्य असलेले प्रथिन हे त्या औषधाचे चांगले चिन्हक असतेच असे नाही, हा धडा या प्रथिनाने दिला.

पीडी-एल१

काही कर्करोगपेशी पीडी-एल१ हे प्रथिन पृष्ठभागावर आणून प्रतिकारपेशींना थोपवितात. हा अडसर दूर करणारी प्रतिकारोपचाराची औषधे गेल्या दशकात वापरात आली. तपासणीत पीडी-एल१ दर्शविणाऱ्या कर्करोगपेशी व प्रतिकारपेशी मोजून त्या संख्येचे एकूण जिवंत कर्करोगपेशींशी प्रमाण काढतात व त्यास शंभराने गुणतात. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय चाचणीत हा गुणांक १ वा अधिक असलेल्या, पसरलेल्या अथवा उलटलेल्या रोगाच्या रुग्णांना पेम्ब्रोलिझुमॅबचा लाभ दिसला. २० वा अधिक गुणांक असलेल्यांत तो अधिक ठळक होता.

की-६७ व केराटिने

की-६७ हे विभाजनात गुंतलेल्या पेशींच्या केंद्रकात दिसते. जर्मनीतील कील या शहराच्या नावावरून ‘की’ हे अक्षर आले आहे. अर्बुद किती वेगाने वाढत आहे याची त्यावरून कल्पना येते. परंतु घशाच्या कर्करोगात त्याचा सर्वमान्य निकष ठरलेला नाही.

केराटिने ही अस्तरपेशींना आधार देणाऱ्या तंतूंची प्रथिने होत. केराटिन ८ व १८ ही सामान्यतः एकस्तरीय अस्तरात असतात. तोंड वा घशाच्या बहुस्तरीय अस्तराच्या कर्करोगात ती दिसू लागणे हे अस्थानी अभिव्यक्तीचे ठळक उदाहरण आहे.

महाराष्ट्रातील संशोधन

मुंबईतील टाटा मेमोरियल रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले. तेथील आद्य विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी भारतीयांतील कर्करोगाच्या अभ्यासाचा पाया घातला. १९५५ मध्ये एल. डी. संघवी, के. सी. राव व खानोलकर यांनी तंबाखू ओढणे व चघळणे यांचा अन्नमार्गाच्या वरच्या भागातील कर्करोगाशी असलेला संबंध दाखविणारा अभ्यास ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध केला. येथील घशाच्या कर्करोगाचे स्वरूप तंबाखूशी निगडित आहे, हे त्यामुळे अर्धशतकाहून अधिक काळापूर्वीच नोंदले गेले होते.

रुग्णनोंदणीतही महाराष्ट्राने पुढाकार घेतला. भारतातील पहिली लोकसंख्याधारित कर्करोग नोंदणी मुंबईत १९६३ मध्ये, तर ग्रामीण भागासाठीची नोंदणी सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे १९८७ मध्ये सुरू झाली. कोणत्या भागात कोणता कर्करोग किती आढळतो, हे अशा नोंदींशिवाय सांगता येत नाही. चिन्हकाच्या निष्कर्षाचा अर्थ लावण्यासाठीही हीच माहिती लागते.

प्रथिनांच्या मूलभूत अभ्यासात टाटा मेमोरियल केंद्राच्या खारघर येथील ‘अ‍ॅक्ट्रेक’ या संशोधन संस्थेचा वाटा मोठा आहे. मिलिंद वैद्य व त्यांच्या सहकाऱ्यांनी तोंडाच्या कर्करोगातील केराटिनांचा दीर्घकाळ अभ्यास केला. प्रयोगशाळेत वाढविलेल्या तोंडाच्या कर्करोगपेशींतील केराटिन ८ व १८ कमी केल्यास त्यांची आक्रमकता घटते, असे या गटाने २०११ मध्ये दाखविले. अस्थानी प्रथिन ही रोगाची केवळ खूण नसून त्याची साथीदारही असू शकते, असे यावरून सूचित होते.

उपचारांच्या क्षेत्रात टाटा मेमोरियल रुग्णालयातील ५३६ रुग्णांच्या चाचणीत सिस्प्लॅटिन व किरणोपचाराला निमोटुझुमॅबची जोड दिल्याने रोग दीर्घकाळ आटोक्यात राहिल्याचे २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे याच चाचणीतील मुखग्रसनीच्या विषाणू नसलेल्या कर्करोगाच्या रुग्णांचे पृथक्करण केले असता त्यांच्या आयुर्मानातही वाढ दिसली. चिन्हकाच्या नकारात्मक उत्तरालाही भारतीय संदर्भात किती मोल असू शकते, याचे हे उदाहरण होय.

प्रतिकारोपचाराची औषधे अतिशय महाग असल्याने भारतातील बहुसंख्य रुग्णांना ती मिळत नाहीत. याच रुग्णालयाने १५१ रुग्णांच्या एका चाचणीत निवोलुमॅब हे औषध तीन आठवड्यांतून एकदा केवळ २० मिलिग्रॅम इतक्या मात्रेत, तोंडाने घ्यावयाच्या तीन स्वस्त औषधांच्या जोडीने दिले. इतरत्र या औषधाची प्रचलित मात्रा दोन आठवड्यांना २४० मिलिग्रॅम आहे. बरे होण्यापलीकडे गेलेल्या या रुग्णांत एक वर्षानंतर हयात असण्याचे प्रमाण १६.३ टक्क्यांवरून ४३.४ टक्क्यांवर गेले. रुग्णांची निवड पीडी-एल१ च्या पातळीवर केलेली नव्हती.

नाशिक जिल्ह्याच्या संदर्भात

२०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील २६.६ टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू सेवन करीत होते. धूररहित तंबाखूचे प्रमाण २४.४ टक्के, तर धूम्रपानाचे ६ टक्के होते. राज्यात २०१२ पासून गुटखाबंदी आहे. नाशिक जिल्ह्यातील सिन्नर हे विडी उद्योगाचे जुने केंद्र आहे.

राज्यातील वैद्यकीय महाविद्यालये ज्या विद्यापीठाशी संलग्न आहेत, त्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचे मुख्यालय नाशिक येथे असून त्याची स्थापना १९९८ मध्ये झाली. विकृतिशास्त्र व कान-नाक-घसा या विषयांच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना प्रबंध लिहावा लागतो. कर्करोगातील प्रथिनांची अभिव्यक्ती हा त्यांच्या आवडीचा विषय असतो. अशा प्रबंधांत बहुधा एकाच रुग्णालयातील मोजके रुग्ण असतात व पाठपुरावा अल्पकाळाचा असतो. म्हणून त्यांचे निष्कर्ष हे अंतिम उत्तर नसून पुढील मोठ्या अभ्यासाची सुरुवात ठरतात.

नाशिक शहरात कर्करोगावरील शस्त्रक्रिया, रसायनोपचार व किरणोपचार यांची सोय असलेली रुग्णालये आहेत. रक्तात भटकणाऱ्या अर्बुदपेशी ओळखण्याच्या चाचण्यांवर काम करणारी दातार कॅन्सर जेनेटिक्स ही कंपनीही नाशिकचीच आहे. अशा चाचण्यांत पेशी ओळखण्यासाठी केराटिनासारख्या प्रथिनांचाच आधार घेतला जातो. कंपनीच्या स्तनाच्या कर्करोगाच्या चाचणीला अमेरिकी अन्न व औषध प्रशासनाने २०२१ मध्ये ‘ब्रेकथ्रू’ दर्जा दिला. हा दर्जा परीक्षण जलद व्हावे यासाठी असतो. तो विक्रीचा परवाना नव्हे.

चिन्हकाची कसोटी व मर्यादा

तपासणी तीच व प्रयोगशाळाही तितकीच निष्णात असली, तरी रोगाचे कारण बदलले की उत्तराचा अर्थ बदलतो. हे एका काल्पनिक हिशेबाने स्पष्ट करता येते. समजा, पी१६ ही तपासणी विषाणुजन्य सर्व अर्बुदे ओळखते, परंतु विषाणू नसलेल्या दर दहा अर्बुदांपैकी एकालाही चुकून सकारात्मक ठरविते. एखाद्या देशात मुखग्रसनीच्या १०० अर्बुदांपैकी ५० विषाणुजन्य असतील, तर ५५ अर्बुदे सकारात्मक येतील व त्यांतील ५० खरी असतील. दुसऱ्या प्रदेशात १०० पैकी केवळ १० विषाणुजन्य असतील, तर उरलेल्या ९० पैकी ९ चुकून सकारात्मक येतील. म्हणजे १९ सकारात्मक अर्बुदांपैकी खरी फक्त १०. पहिल्या ठिकाणी सकारात्मक उत्तरावर बहुतांशी विसंबता येते, तर दुसऱ्या ठिकाणी ते जवळजवळ निम्म्या वेळा फसवे ठरते.

ही शक्यता केवळ कागदावरची नाही. नऊ देशांतील सात हजारांहून अधिक रुग्णांचा २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास पाहता, पी१६ व प्रत्यक्ष विषाणूची तपासणी यांची उत्तरे सुमारे ९ टक्के रुग्णांत परस्परविरोधी आली. ज्या भागांत विषाणुजन्य रोग कमी, तेथे ही विसंगती अधिक होती. दोन्ही तपासण्या सकारात्मक असलेल्यांपैकी पाच वर्षांनंतर सुमारे ८१ टक्के, दोन्ही नकारात्मक असलेल्यांपैकी सुमारे ४० टक्के, तर विसंगत उत्तरे असलेल्यांपैकी सुमारे ५३ ते ५५ टक्के रुग्ण हयात होते. केवळ पी१६ पाहून एखाद्याला ‘चांगल्या गटातील’ समजल्यास त्याला खोटा दिलासा मिळण्याचा व अपुरा उपचार होण्याचा धोका असतो. विषाणूचा वाटा कमी असलेल्या प्रदेशांत पी१६ सकारात्मक आल्यास विषाणूची प्रत्यक्ष तपासणी करून घेणे म्हणूनच इष्ट ठरते.

संभाव्य चिन्हकाला व्यवहारात येण्यापूर्वी अनेक पायऱ्या ओलांडाव्या लागतात. वेगवेगळ्या प्रयोगशाळांत उत्तर सारखेच यावे लागते. सकारात्मक व नकारात्मक यांमधील सीमारेषा आधी ठरवावी लागते, कारण निकाल पाहून ती सरकविल्यास कोणतेही प्रथिन उपयुक्त भासू शकते. निराळ्या रुग्णसमूहात तोच निष्कर्ष पुन्हा मिळावा लागतो. शेवटी, त्या माहितीमुळे उपचारात काही बदल होतो व रुग्णाचा लाभ होतो, हे सिद्ध व्हावे लागते. अशा अभ्यासांचे अहवाल कसे लिहावेत याचे ‘रिमार्क’ नावाचे आंतरराष्ट्रीय मार्गदर्शन २००५ मध्ये प्रसिद्ध झाले. आशादायक निष्कर्ष छापले जातात व निराशाजनक निष्कर्ष कपाटात राहतात, या प्रवृत्तीमुळेही अनेक चिन्हकांचे महत्त्व फुगलेले दिसते.

रुग्णांच्या दृष्टीने महत्त्व

प्रथिन-चिन्हकाची तपासणी बायोप्सीची जागा घेऊ शकत नाही. कर्करोगाचे निदान ऊतीच्या नेहमीच्या सूक्ष्मदर्शक परीक्षणानेच होते. चिन्हक त्यात भर घालते. अहवालातील ‘सकारात्मक’ हा शब्द रोग बळावल्याचा निदर्शक नसतो. पी१६ च्या बाबतीत तो उलट अनुकूल असू शकतो. ‘नकारात्मक’ या शब्दाने रोग नाही असेही ठरत नाही. निदान झालेल्या रुग्णाचा ब्लॉक व काचपट्ट्या हा त्याच्या वैद्यकीय दप्तराचा भाग असतो. दुसऱ्या रुग्णालयात मत घेताना किंवा नंतर एखादी तपासणी करावयाची असल्यास त्यांचा उपयोग होतो.

लवकर निदानाचे महत्त्व कोणत्याही चिन्हकाने कमी झालेले नाही. तीन आठवड्यांहून अधिक काळ बसलेला आवाज, गिळताना वेदना वा अडथळा, मानेतील न दुखणारी गाठ, कानात उगाच होणारी एकतर्फी वेदना, थुंकीतून रक्त पडणे या लक्षणांत कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून तपासणी करून घेणे आवश्यक असते. स्वरतंतूवरील कर्करोगात आवाज प्रारंभीच बदलत असल्याने तो लवकर ओळखता येतो. अशा अवस्थेत केवळ किरणोपचाराने किंवा छोट्या शस्त्रक्रियेने तो बहुधा बरा होतो आणि आवाजही टिकतो. अधोग्रसनीचा कर्करोग मात्र बराच काळ लक्षणांवाचून वाढतो.

प्रतिबंधाचे उपाय दोन्ही वाटांवर उपलब्ध आहेत. तंबाखू व मद्य वर्ज्य करणे हा पहिला उपाय. मानवी पॅपिलोमा विषाणूविरुद्ध लस हा दुसरा. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने विकसित केलेल्या, विषाणूच्या ६, ११, १६ व १८ या प्रकारांविरुद्धच्या ‘सर्व्हाव्हॅक’ या लशीला भारताच्या औषध महानियंत्रकांनी २०२२ मध्ये परवानगी दिली. तिचा मुख्य हेतू गर्भाशयमुखाचा कर्करोग टाळणे हा असला, तरी घशातील विषाणुजन्य कर्करोगाला कारणीभूत असलेला १६ वा प्रकारही तिच्या कक्षेत येतो.

हेही पाहा

कर्करोग
स्वरयंत्र
मानवी पॅपिलोमा विषाणू
टाटा मेमोरियल रुग्णालय
महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ